जिन्यातला दिवा कोणी लावायचा?

आमच्या सोसायटीत दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक दिवा आहे. गेल्या पावसाळ्यात तो गेला आणि सतरा दिवस गेलेलाच राहिला. इमारतीला लिफ्ट नाही. वरच्या दोन मजल्यांवरची आठ घरं रोज त्या अंधारातून चढत-उतरत होती. कोणी मोबाइलची बॅटरी लावून, कोणी कठडा चाचपत. एलईडी बल्ब शंभर-सव्वाशेला मिळतो, होल्डर हाताला येतो, आणि आठांपैकी एकाही घराला शंभर रुपये जड नाहीत. जिन्यात कोणी भेटलं की विषय मात्र हमखास निघायचा. ‘सेक्रेटरींच्या कानावर घालायला हवं.’ ‘अहो, घातलंय कोणीतरी.’ त्या आठ घरांत एक घर माझंही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नेमक्या त्याच दिवसांत मी डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ पुन्हा वाचायला घेतला होता. १७४० मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथखंडात एक साधं उदाहरण आहे. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुरणात पाणी साचलं, तर दोघं मिळून चर खणतील आणि पाणी काढून देतील. एकाने अंग काढून घेतलं तर काम बुडणार, हे दोघांनाही लख्ख दिसत असतं. पण तेच कुरण हजार जणांचं असेल तर चर खणलाच जाणार नाही, कारण प्रत्येक जण खर्च आणि कष्ट दुसऱ्याच्या गळ्यात घालायला निमित्त शोधत राहील. पुस्तक मिटून मी जिन्यात आलो. हजारांची गरज नव्हती, आठ पुरले होते.

साधारण १६५० ते १८०० या काळात युरोपातल्या काही माणसांनी हाच प्रश्न मोठ्या मापात धसाला लावला. त्या काळाला मराठीत ज्ञानोदय म्हणतात, कोणी प्रबोधनयुगही म्हणतात. तोवर ‘चांगलं का वागायचं?’ याचं उत्तर धर्मग्रंथात असे आणि ‘राजाचं का ऐकायचं?’ याचं उत्तर ‘देवाने नेमलाय म्हणून’ असं असे. या मंडळींनी ती दोन्ही उत्तरं बाजूला ठेवून विचारलं, माणूस मुळात आहे तरी कसा? त्यावरून त्याची नीती कुठून येते ते कळेल, आणि त्यावरूनच त्याच्यासाठी सरकार कसं बांधायचं ते ठरेल. शेजारी कसे आहेत याबद्दलचं तुमचं मत तुम्ही दाराला नुसती कडी लावता, कुलूप घालता की लोखंडी जाळी बसवता, यावरून कळतं. सरकारांचंही तसंच आहे.

भीतीचा जुळा भाऊ

पहिली लोखंडी जाळी बसवली थॉमस हॉब्जने. त्याचा जन्म १५८८ चा. स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून येतंय या बातमीच्या धसक्याने आई वेळेआधीच बाळंत झाली, तेव्हा मी आणि भीती जुळीच जन्मलो, असं तो स्वतःबद्दल लिहून गेला. पुढे इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवलं गेलं आणि १६५१ मध्ये हॉब्जचा ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध झाला.

हॉब्ज माणसाला राक्षस समजत होता, असा एक सरसकट समज आहे. त्याचा मुद्दा त्याहून बारीक आहे, आणि तो समजायला एसटी स्टँडवर जावं लागेल. गाडी अजून लागायची आहे. सगळे शांत उभे आहेत, एकमेकांना पिशव्या धरायला मदत करताहेत. गाडी वळणावर दिसते, कोणीतरी एक जण दोन पावलं पुढे सरकतो आणि क्षणात दाराशी झुंबड उडते. यातला कोणीही दुष्ट नाही. रांगेत उभं राहायला प्रत्येक जण तयार आहे, पण बाकीचे राहतील याची खात्री कोणालाच नाही. आणि एकट्याने रांगेत उभं राहणं म्हणजे गावापर्यंत उभ्याने जाणं.

हॉब्जच्या मते सरकार नसेल तर सगळं आयुष्यच असं एसटीचं दार होतं. माणसं साधारण एका ताकदीची असतात, कारण सगळ्यात बलवान माणूसही रात्री झोपतो आणि तेव्हा सगळ्यात दुबळ्यालाही त्याचा गळा चिरता येतो. मग भल्या माणसालाही भीतीपोटी आधी हात उगारावा लागतो. शेतात पीक येईल, पण ते आपल्याच घरी येईल याचा भरवसा नसेल तर पेरणार कोण? यावर त्याचा उपाय एकच. सगळ्यांनी आपापली शस्त्रं एका सत्तेच्या हाती द्यायची, आणि ती सत्ता इतकी बळकट हवी की करार मोडण्याचा विचारही महाग पडावा. ‘लेव्हायथन’च्या मुखपृष्ठाच्या आतल्या चित्रात डोंगरापलीकडून एक प्रचंड राजा वर आलेला दिसतो. जवळून पाहिलं तर त्याचे हात आणि धड शेकडो बारक्या माणसांचे बनलेले आहेत. सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे, तोंडं राजाकडे.

या राजाला दैवी हक्क लागत नाही. तो माणसांनी माणसांच्या सोयीसाठी बनवलेला आहे. म्हणूनच राजाचे पाठीराखेही हॉब्जवर खूश नव्हते.

चावी दिली, घर नाही दिलं

जॉन लॉकने हॉब्जच्या गणितातली एक पायरी खोडली. लुटारूंच्या भीतीने सिंहाला घरात घेणं यात शहाणपण कुठलं, असा त्याच्या आक्षेपाचा रोख होता. त्याचं सरकारविषयीचं मुख्य पुस्तक १६८९ च्या अखेरीस निनावी निघालं, आणि ते आपलं असल्याचं त्याने उघडपणे मान्य केलं ते थेट मृत्युपत्रात.

लॉकला माणूस इतका वाईट वाटत नाही. सरकार नसतानाही बहुतेकांना कळतं की दुसऱ्याचा जीव, स्वातंत्र्य आणि कष्टाची कमाई यांना हात लावू नये. अडचण वेगळ्या जागी आहे. भांडण झालं की प्रत्येक जण स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होतो. माझ्या गाडीला तुमची गाडी घासली तर ओरखडा हातभर लांब असतो, आणि माझी तुमच्या गाडीला घासली तर ‘अहो, पुसलं की जाईल.’ म्हणून तिसरा माणूस हवा, आणि सरकार म्हणजे तो तिसरा माणूस. पण त्याला आपण घराची चावी सांभाळायला दिली आहे, घर त्याच्या नावावर केलेलं नाही. तो घरातल्या वस्तू विकायला लागला तर चावी काढून घ्यायचा हक्क आपला. एवढ्या एका उपमेत अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा बराचसा बसतो.

मध्येच रूसोबद्दल चार ओळी. त्याला मी थोडक्यात उरकतोय, याचा त्याच्या चाहत्यांना राग येईल. जिनीव्हात जन्मलेल्या या घड्याळजीच्या मुलाने १७५५ च्या निबंधात उलटंच टोक धरलं. हॉब्ज ज्याला निसर्गातला माणूस म्हणतो तो खरं तर शहरात राहून बिघडलेला माणूस आहे, असं त्याचं म्हणणं. मुळातल्या माणसाला स्वतःचा जीव प्यारा असतो आणि दुसऱ्याचं दुःख पाहवत नाही, एवढंच. जमिनीला कुंपणं पडली, घरं शेजारी-शेजारी आली, मग माणूस स्वतःला शेजाऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लागला आणि तिथून बिघाड सुरू झाला. यावर १७६२ मध्ये त्याने सुचवलेला इलाज ‘सामूहिक इच्छे’चा. सोसायटीच्या सभेत ‘तुम्ही पैसे द्याल का?’ असं एकेकाला विचारलं तर आठ वेळा ‘नाही’ येईल. ‘आपल्या जिन्यात उजेड असावा का?’ असं विचारलं तर आठ वेळा ‘हो’. दुसरं उत्तर हीच आपली खरी इच्छा, असं रूसो म्हणतो. कल्पना सुंदर आहे, पण तुमची खरी इच्छा तुमच्यापेक्षा मलाच जास्त कळते असं म्हणणारा कोणी अध्यक्षपदी बसला की काय होतं, ते फ्रान्सने १७९३-९४ च्या दहशतीच्या राजवटीत पाहिलं.

आज तुझं रान, उद्या माझं

आता पुन्हा ह्यूमकडे, कारण मला स्वतःला त्याचं उत्तर सगळ्यांत जास्त पटतं. १७११ मध्ये एडिंबरात जन्मलेला हा अंगाने स्थूल, स्वभावाने खेळकर माणूस. तिशीच्या आत त्याने मानवी स्वभावावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि तो छापखान्यातून मेलेलाच जन्मला असं नंतर स्वतःच चेष्टेने म्हटलं.

ह्यूमने आधी बुद्धीची पायरी दाखवली. नीती शुद्ध तर्कातून सिद्ध करता येते, असं तेव्हा अनेकांना वाटे. ह्यूम म्हणतो, बुद्धी हा नकाशा आहे. कुठल्या रस्त्याने कुठे पोचाल ते ती सांगेल, पण गाडी ओढायला बैल लागतात आणि ते बैल म्हणजे आपल्या भावना. ‘जिन्यात अंधार आहे’ हे वाक्य घ्या. ‘जिन्यात दिवा हवा’ हे दुसरं. पहिल्यावरून आपण दुसऱ्यावर इतक्या सहज उडी मारतो की मधली फट दिसतच नाही. ‘आहे’मधून ‘हवं’ आपोआप निघत नाही. मध्ये ‘कोणी पडू नये असं आम्हाला वाटतं’ ही पायरी आहे, आणि हे ‘वाटणं’ तर्काने तयार होत नाही. ते आधीच असावं लागतं.

ते आपल्यात आहे का? आहे, पण ते जवळच्यांसाठी दाट आणि लांबच्यांसाठी पातळ होत जातं. घरच्यांसाठी जीव तुटतो, शेजाऱ्यासाठी हळहळ वाटते, परगावच्यासाठी बातमी वाचून होते. एवढ्या भांडवलावर मोठा समाज चालायचा कसा?

इथे ह्यूमचं दुसरं उदाहरण येतं. दोन शेतकरी. एकाचं पीक आज कापणीला आलंय, दुसऱ्याचं उद्या येईल. आज मी तुला मदत केली आणि उद्या तू मला केलीस तर दोघांचं भलं. पण तू उद्या येशील कशावरून? नाही तू येत, नाही मी येत, आणि दोघांचंही पीक रानात झडतं. मराठी वाचकाला इथे लगेच शब्द आठवेल, सावड. माझ्या आजोळी भाताच्या लावणीला अशीच सावड चाले. आज अमक्याच्या खाचरात सगळे, उद्या तमक्याच्या. कागद नाही, साक्षीदार नाहीत. एकदा एका घराने आपली लावणी उरकून घेतली आणि दुसऱ्यांच्या दिवशी कणकण आल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांच्या खाचरात घरची चारच माणसं वाकलेली होती. कोणी भांडलं नाही की कोणी बोललं नाही, फक्त कोणी गेलं नाही.

ह्यूमला हेच म्हणायचं होतं. ‘शब्द पाळणं’ हा गुण आईच्या पोटातून येत नाही, तो माणसांनी शोधून काढलेला आहे, चाकासारखा. आणि तो शोधायला सभा घ्यावी लागली नाही. होडीत दोन वल्ही मारणारे बोलल्याशिवायच एका तालात येतात, तसा तो हळूहळू जमत गेला. पुन्हा एसटीत चला. दाराशी हॉब्जची झुंबड उडालेली असताना कोणीतरी बाहेरूनच खिडकीतून सीटवर रुमाल टाकतं. आत घुसलेला धट्टाकट्टा माणूस रुमाल बघतो आणि चरफडत पुढच्या सीटकडे जातो. रुमालाला कुठल्याही कायद्याचा आधार नाही. महामंडळाने तो मान्य केलेला नाही. तरी तो चालतो, कारण आज मी तुझा मानला तरच उद्या माझा मानला जाईल. मालमत्ता, पैसा, वचन, भाषासुद्धा, हे सगळे ह्यूमच्या दृष्टीने फार मोठे आणि फार जुने रुमाल आहेत. आणि एकदा ते रुळले की आपण त्यांच्यावर मायाही करायला लागतो. कोणी रुमाल उचलून फेकला तर ज्याचा नाही त्यालाही राग येतो. सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट अशी नीती होते.

मग सरकार कशाला? तर रुमाल आणि सावड ओळखीच्या माणसांत चालते. गाव मोठं झालं की आज थोडं फसवण्याचा फायदा जवळ दिसतो आणि व्यवस्था मोडल्याचं नुकसान लांबवर धूसर. जवळचं मोठं दिसणं हा आपला दोष जाणार नाही, हे ह्यूमला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो म्हणतो, स्वभाव बदलता येत नसेल तर माणसाची जागा बदला. काही जणांना अशा जागी बसवा, की आपल्याला जे लांबचं वाटतं ते त्यांना जवळचं वाटेल. आमच्या सेक्रेटरींना उजेडाची आवड आमच्यापेक्षा जास्त आहे असं मुळीच नाही. पण दिवा नसला की येता-जाता बोलणी त्यांना खावी लागतात. त्या सतरा दिवसांत ते मुलीकडे परगावी होते. सगळा घोळ तिथे झाला.

जनाची नाही, मनाची

अठराव्या दिवशी दिवा लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्टूलही न घेता लावला. मी म्हटलं, ‘काकू, तुम्ही कशाला?’ तर म्हणाल्या, ‘अहो, चौथ्या मजल्यावरच्या सुनेला सातवा महिना. ती अंधारात चढायला लागली की इथे माझ्या छातीत धडधड. रोज कोण सोसणार ती धडधड?’

म्हणजे काकूंनी दिवा दुसऱ्यासाठी लावला की स्वतःची धडधड थांबवायला? हा प्रश्न हॉब्जलाही पडला होता. त्याचा मित्र जॉन ऑब्रे याने लिहून ठेवलेली हकिकत आहे. लंडनच्या रस्त्यावर हॉब्जने एका आजारी म्हाताऱ्या भिकाऱ्याला सहा पेन्स दिले. बरोबरच्या धर्मगुरूने विचारलं, येशूची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्जने होकार दिला आणि कारण सांगितलं, त्याची दशा पाहून मला यातना होत होत्या, पैसे दिल्याने त्याला आराम पडला आणि मलाही. हॉब्जच्या बाजूने हा हिशेब पुरा झाला. ह्यूमच्या बाजूचे लोक मात्र म्हणतील, थांबा. दुसऱ्याचं दुःख पाहून तुम्हाला यातना झाल्याच कशा? धडधड व्हायला आधी त्या सुनेची काळजी असावी लागते. स्वार्थ नंतर आला, जिव्हाळा आधी होता.

ह्यूमचा मित्र ॲडम स्मिथ याने ही काळजी कशी वळण घेते ते आणखी जवळून पाहिलं. अर्थशास्त्राचा जनक म्हणून तो आपल्याला माहीत असतो, पण ग्लासगोत तो नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्याचं पहिलं पुस्तक, १७५९ चं, नैतिक भावनांवर आहे. त्यातलं उदाहरण अंगावर येतं. चीन भूकंपात गडप झाला असं कळलं, तर युरोपातला भला माणूस हळहळेल, चार वाक्यं बोलेल आणि रात्री घोरत झोपेल. तेच उद्या त्याची करंगळी कापायची आहे असं कळलं तर रात्रभर तळमळेल. मग करंगळी वाचवण्यासाठी तो लाखो लोकांचा बळी देईल का? विचारानेही त्याला शिसारी येईल. भावना इतकी आपमतलबी असताना कृती तशी का नसते?

स्मिथचं उत्तर असं, की लहानपणापासून आपण इतरांच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहायला शिकतो आणि हळूहळू मनात एक तटस्थ बघ्या तयार होतो. सुरुवात ‘चार लोक काय म्हणतील’पासून होते खरी, पण बघ्या तिथे थांबत नाही. चार लोक वाहवा करत असतानाही तो आतून म्हणू शकतो की ही वाहवा तुझी कमाई नाही. जनाची नाही तर मनाची तरी, असं आपण म्हणतो, तेव्हा आपण स्मिथच्याच शाळेत बसलेले असतो. रूसोला ज्या शेजाऱ्याच्या नजरेत बिघाड दिसला, तिथेच स्मिथला सद्सद्विवेकाची मुळं दिसली.

पूर्वेला कोनिग्सबर्गमध्ये बसलेल्या इमॅन्युएल कांटला हे सगळं फार डळमळीत वाटलं. भावनेवर उभी असलेली नीती भावनेबरोबर बदलेल. १७८५ मध्ये त्याने दिलेली कसोटी भावनेला विचारतच नाही. तुम्ही जे करताय तो सगळ्यांसाठी नियम झाला तर नियमच शिल्लक राहील का, एवढंच पाहा. परत न देण्याच्या बेताने ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणून उसने घेणं सगळ्यांनी सुरू केलं, तर उसने देणारा कोणी उरणारच नाही आणि ती थापही चालणार नाही. काकूंची धडधड कांटच्या हिशेबात गोड आहे, पण नैतिक मोल तिला नाही. मला हे आजतागायत पचलेलं नाही. पण सतरा दिवस अंधारातून गेलेल्या माणसाने कांटशी वाद घालू नये.

सेक्रेटरीवर लक्ष कोण ठेवणार?

लक्ष ठेवायला माणूस नेमला, पण तोही माणूसच. हॉब्जची गाडी इथे अडते. बोर्दोच्या न्यायालयातले माजी न्यायाधीश माँतेस्किय यांनी १७४८ च्या ग्रंथात याची तोड सांगितली. ज्याच्या हाती सत्ता आहे तो ती अडेपर्यंत रेटत जातो. म्हणून नियम करणारा, नियम राबवणारा आणि निवाडा करणारा असे तीन वेगळे हात ठेवावेत. ह्यूमचा सल्ला त्याहून खवचट आहे. राज्यव्यवस्था आखताना प्रत्येक माणूस लबाड आहे असं धरून चालावं, मग प्रत्यक्षात तो तसा नसला तरी हरकत नाही. अमेरिकेची घटना मांडताना जेम्स मॅडिसनने हेच यंत्रात बसवलं. सत्तेवरच्या माणसांच्या चांगुलपणावर न विसंबता एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या आडवी घालायची. सोसायटीत चेकवर दोघांच्या सह्या लागतात ना, त्याचं कूळ हेच. दोघंही प्रामाणिक असतात, तरी सह्या दोनच लागतात आणि कोणाला अपमान वाटत नाही.

शिक्षेचं काय? मिलानचा चेझारे बेक्कारिया १७६४ मध्ये सव्वीस वर्षांचा होता, तेव्हा त्याने छळ आणि देहदंडाविरुद्ध एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, शिक्षेचं क्रौर्य नव्हे. आमच्या गच्चीच्या दारावर ‘कचरा टाकल्यास ५०० रु. दंड’ अशी पाटी आहे. अक्षरं उडाली, दंड आजवर एकालाही झाला नाही, आणि पाटीखाली कचरा असतो. दहाच रुपये, पण दर वेळी, असं असतं तर पाटीची गरजच पडली नसती. बेक्कारियाच्या विचारांच्या प्रभावाखाली टस्कनीच्या राज्याने १७८६ मध्ये फाशी रद्द केली.

चौकट : एकच अंधार, सात जण

हॉब्ज : दंडुकेवाला वॉचमन नेमा आणि त्याचं ऐका.
लॉक : नेमा, पण ऐकत नसेल तर काढा.
रूसो : आधी सगळ्यांनी ‘मी’ सोडून ‘आपण’ म्हणा.
ह्यूम : ज्याला बोलणी खावी लागतील असा एक जण ठरवा, बाकी सवयीने होईल.
स्मिथ : रात्री झोपताना स्वतःलाच विचारा.
कांट : सगळेच तुमच्यासारखे वागले तर?
बेक्कारिया : दंड लहान ठेवा, पण चुकवू देऊ नका.

सभासद कोण?

एवढं सगळं झाल्यावर एक कडू भाग येतो. ‘सगळी माणसं’ म्हणताना या मंडळींच्या डोळ्यांपुढे कोण होतं? स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्या लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते, आणि अमेरिकेतल्या कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या ज्या घटनेने मालकाला गुलामावर पूर्ण सत्ता दिली तिच्या कामात त्याचा हात होता. ह्यूमने एका तळटीपेत काळ्या लोकांना उपजत कमी ठरवलं. ‘तो काळच तसा होता’ ही सबब इथे चालत नाही, कारण त्याच काळात, १७७० मध्ये, जेम्स बीटी या दुसऱ्या स्कॉटिश लेखकाने त्या तळटीपेची चिरफाड केली होती. रूसोच्या शिक्षणग्रंथात मुलीने शिकायचं ते नवऱ्याला आवडेल असं. त्याला मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये पुस्तकभर उत्तर दिलं. स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूज हिला १७९३ मध्ये पॅरिसमध्ये गिलोटिनखाली जावं लागलं.

पण हे हत्यार असं होतं की ते घडवणाऱ्याच्या हातात राहिलं नाही. ‘सर्व माणसं समान’ हे वाक्य एकदा उघड्यावर आलं की ते ज्यांच्यासाठी लिहिलेलं नव्हतं त्यांनीही वाचलं. १७९१ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातल्या सँ-दोमँग वसाहतीतले गुलाम उठले आणि १८०४ मध्ये तिथे हैती हा स्वतंत्र देश उभा राहिला. बायकांच्या काचोळ्या शिवण्याचं काम शिकलेल्या टॉमस पेनने हक्कांवर पुस्तक लिहिलं, १७९१-९२ मध्ये. ते साधारण १८४७ च्या सुमारास पुण्यात एका विशीतल्या तरुणाच्या हाती पडलं. तो जोतीराव फुले. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. सामाजिक करारावर एवढा खल करणाऱ्या युरोपीय पंडितांपुढे फुल्यांचा प्रश्न कधी नीट आलाच नव्हता. करार होतो तेव्हा ज्यांना वाड्याच्या दाराबाहेर उभं केलेलं असतं, त्यांनी तो का मानावा? १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सामाईक कुरणाचा प्रश्न त्यांनी असा दुसऱ्या टोकाने उचलला.

समतेच्या या विचाराच्या उगमाचं श्रेय कोणाला, यावरही आपल्याकडे एक ठाम मत नोंदलेलं आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं होतं.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा त्यानंतर महिन्याभराने झाली. जिन्यातल्या दिव्यांचा विषय पत्रिकेवर सातवा होता. चर्चा चांगली झाली, ह्यूमला आवडली असती अशी. माणसांच्या मागे लागण्यापेक्षा व्यवस्थाच बदला, असं ठरलं. सगळ्या मजल्यांवर सेन्सरचे दिवे बसले. पायरीवर माणूस आला की दिवा लागतो, हालचाल थांबली की अर्ध्या मिनिटात जातो. वीजबिलही कमी आलं. ठराव एकमताने मंजूर झाला होता, हजर असलेल्या सगळ्या सभासदांच्या.

जिने पुसणाऱ्या मावशी पहाटे साडेपाचला येतात. त्या सभासद नाहीत, त्यामुळे सभेला असण्याचा प्रश्नच नव्हता. परवा लवकर बाहेर पडलो तर त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उकिडव्या बसून पायरी पुसत होत्या. सेन्सर छतापाशी, माणसाच्या उंचीचा अंदाज घेऊन लावलेला. इतक्या खाली चाललेली हालचाल त्याला दिसत नाही. दिवा गेला. मावशींनी मान वर न करता, हातातल्या ओल्या फडक्यासकट हात डोक्यावर उंच करून दोनदा हलवला. दिवा लागला. त्या पुसत राहिल्या. मी खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत तो हात आणखी तीनदा वर गेला होता.